बासचा बेडूक, मांजरेची मरळ

आर्द्रा नक्षत्र लागलंय, धरणात नवं पाणी यायला सुरुवात झालीय आणि माझी काठी माळ्यावर आहे. आठ दिवसांत तीन जणांचे मेसेज आले की चल धनेगावला, मांजरा धरणावर, मरळ काठाला आलीय, लाल पिल्लं घेऊन फिरायलीय, फ्रॉग, म्हणजे रबराचा बेडूक, टाकला की पहिल्याच फेकीत बसती. बसती हे मला माहितीय, म्हणूनच तर काठी वर ठेवलीय. तिघांना वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हणलं, कारण ही गोष्ट एका मेसेजात मावत नाही, हिच्यात अमेरिकेतला एक मासा आहे, २०१६ चा दुष्काळ आहे आणि एक भोई मामा आहेत ज्यांनी मला मरळ म्हणजे काय ते शिकवलं.

मी लातूरचा. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की ओढ्यावर वेळूची काठी, तंगूस, शिसाचा तुकडा आणि गांडूळ, एवढ्यावर दिवस जायचा. हाताएवढी चिलापी लागली तरी पोरं आरडाओरडा करत घरी पळायची. मग शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं सुटलं. ते परत लागलं मोबाईलमुळं. रात्री झोप येत नव्हती तेव्हा कुठल्या तरी अमेरिकन माणसाचा व्हिडिओ समोर आला, मोठं धरण, सकाळचं धुकं, बोटीवर दोन स्क्रीन आणि हा माणूस पाण्यावरच्या पानांवरून रबराचा बेडूक ओढत आणायलाय. बेडूक पानाच्या कडंला आला, थांबला, आणि खालून पाणी फुटलं. मी अंथरुणात उठून बसलो. त्या रात्री सकाळी चारपर्यंत बघत होतो.

तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. मूळ उत्तर अमेरिकेतला, हिरवट अंग, बाजूनं काळा पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की जबडा डोळ्याच्याही मागं जातो. तिथं या एका माशावर सगळा धंदा उभा आहे, स्पर्धा होतात, त्याच्यासाठी वेगळ्या काठ्या, वेगळ्या बोटी. १९३२ साली जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे दहा किलोच्या वर, एक बास धरला गेला आणि तो विक्रम अजून कुणी स्पष्टपणे मोडलेला नाही, २००९ ला जपानच्या बिवा तलावात तेवढ्याच वजनाचा एक मिळाला आणि दोघांच्या नावावर बरोबरीत आहे. हे सगळं मला पाठ झालं होतं. सगळ्यात जास्त पाठ झालं होतं त्यांचं वर्ष. थंडी संपून पाणी पंधरा-सोळा डिग्रीच्या वर चढायला लागलं की बास उथळात येतो, नर शेपटीनं तळ झाडून गोल घरटं करतो, अंडी आणि पिल्लं राखतो. उन्हाळ्यात दिवसा खोल पाण्यात, पहाटे आणि दिवस मावळताना वर. पानगळीच्या दिवसांत बारक्या माशांच्या मागं ओहोळांच्या तोंडाशी. हिवाळ्यात खोलात सुस्त. किती सुटसुटीत वाटतं ऐकायला.

मी ऑनलाइन काठी मागवली, सात फुटी, रीळ, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी, चार फ्रॉग, आणि मार्च महिन्यात गेलो. का तर मार्चमध्ये मासा उथळात येतो. आमच्याकडं मार्चमध्ये काय असतं, ऊन! उथळातलं पाणी दुपारी अंगाला कोमट लागतं, पंधरा डिग्री तर डिसेंबरच्या पहाटेची हवा. चार रविवार गेलो, चारही रविवार रिकामा आलो. आपल्या धरणात बासच नाही हे मला माहीत होतं हो, मी मरळीसाठीच गेलो होतो, कारण वाचलेलं असं की फ्रॉगवर तुटून पडणारा आपल्याकडचा मासा म्हणजे मरळ. पण वर्ष मी त्यांचं धरून बसलो होतो.

मग २०१६ आलं.

लातूरकरांना त्या उन्हाळ्याबद्दल सांगायची गरज नाही. मांजरा धरण म्हणजे आमचा नळ. एकूण २२४ दलघमीचं (दशलक्ष घनमीटर) धरण, त्यातलं ४७ मृतसाठा, उरलेल्यावर लातूर, केज, कळंब, अंबाजोगाई, आणि कालव्याखालचा सगळा ऊस. पावसानं सलग पाठ फिरवली आणि जिवंत साठा तर गेलाच, मृतसाठ्यातलं पण चर खोदून खोदून ओढून संपवलं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, देशभर बातमी झाली. आम्ही घरात भांडी घासलेलं पाणी संडासात टाकायचो. त्याच महिन्यात एका रविवारी वडील म्हणाले चल, धरण बघून येऊ, मी पण एवढं कोरडं कधी बघितलं नाही. कुणी गेल्यावर भेटायला जावं तसे आम्ही गेलो.

भिंतीवरून बघितलं तर जिथवर नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ. आणि त्या गाळात सगळं दिसत होतं जे पाण्याखाली असतं. जुने शेताचे बांध, एक पडकी विहीर, बाभळीची काळी पडलेली खोडं, बैलगाडीची जुनी वाट, नदीचं मूळ पात्र वळणं घेत गेलेलं. वडील तिथल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलायला लागले, त्यांची जमीन धरणात गेलेली, ते हात करून सांगायचे, ती चिंच आमची, तो बांध भावकीचा, तिथं मोट चालायची. मी मोबाईलमध्ये फोटो काढत होतो. तेव्हा नुसतं वाईट वाटत होतं म्हणून काढले, ते पुढं किती कामाला येतील हे माहीत नव्हतं.

नदीच्या पात्रात एका ठिकाणी गुडघाभर चिखल उरला होता आणि त्यात चार-पाच माणसं वाकून चाचपडत होती. त्यात मामा होते. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल, अंगभर गाळ. पायानं आधी चाचपायचे, मग हात खाली, आणि एकदम काळीकुट्ट मरळ वर, हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत लांब, वळवळणारी. मी विचारलं, "मामा, पाणीच नाही तर हे जित्तं कसं?"

"हिला पानी नसलं तरी चालतंय बाबा. हिला हवा लागती. वली जागा घावली की दम धरून पडती. पाऊस आला की निघाली भाईर."

नंतर वाचलं तेव्हा कळलं मामा शब्दाशब्दाला बरोबर होते. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिथं ती हवा घेती, तोंडानं, आपल्यासारखी. अंग ओलं राहिलं तर चिखलात कितीतरी दिवस काढती. आणि याची दुसरी बाजू अशी की हवा मिळाली नाही तर ती पाण्यात बुडून मरती. माशाला पाण्यात बुडून मरताना कुणी ऐकलंय का, पण जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की मरळीचं तेच होतं.

त्या दिवशी मामांनी एक गोष्ट केली जी मी विसरलो नाही. घमेल्यात बारा-पंधरा मरळी होत्या. मोठ्या मोठ्या बाजूला काढल्या, त्या बाजाराला. ज्या पोटानं भरदार आणि मध्यम होत्या त्या सात-आठ वेगळ्या कॅनमध्ये टाकल्या, थोडं चिखलपाणी, वर ओलं पोतं. मी म्हणलं ह्या पण बाजाराला का. म्हणाले, "न्हाई, ह्या पाव्हण्याच्या हिरीत सोडायच्यात. बी ऱ्हायला नको का?" ज्या माणसाचा अख्खा वर्षाचा धंदा गाळात रुतला होता, जाळं घरात टांगून ठेवलं होतं, तो माणूस बी राखत होता. जिवंत मरळीला बाजारात काय भाव येतो हे ज्याला माहितीय त्यालाच कळेल सात-आठ मरळी म्हणजे काय.

सप्टेंबरच्या शेवटाला पाऊस आला. मांजरा पाटोद्याकडच्या बालाघाटातून येते, तिकडं जोरात झाला की आम्हाला एक-दोन दिवसात कळतं. धरणात पाणी आलं. मी ऑक्टोबरात मामांना शोधत गेलो तर ते विहिरीतून मरळी काढून आणून सोडून पण मोकळे झाले होते. तेव्हापासून मी त्यांच्याकडं जातो. धरणाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, मामा तिचे सभासद, त्यांनीच संस्थेत बोलून मला काठीनं बसायची परवानगी काढून दिली. नवीन पोरांना माझं सांगणं आहे, आधी विचारा, ते पाणी रिकामं दिसलं तरी कुणाच्या तरी पोटाचं आहे, बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, त्यांनी पैसे घालून सोडलेली असती.

आता माझं वर्ष. हे वर्ष मामांचं आहे खरं तर, मी फक्त फ्रॉग त्याच्यात बसवला.

वर्ष सुरू होतं उत्तरा-हस्ताला. आमच्या मराठवाड्याचं पावसाचं गणित बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे, जून-जुलै नुसता रिमझिम जाईल, धरण भरतं ते बहुतेक वेळा सप्टेंबरात. २०२१ ला तर सप्टेंबरच्या शेवटी सगळे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले आणि खाली नदीकाठची सोयाबीन वाहून गेली. पाणी चढतं तेव्हा काठची गवतं, तरोटा, बेशरम, बाभळीची झुडपं सगळी पाण्याखाली जातात, त्यात किडे, बेडूक, बारकी मासळी, आणि मरळ त्याच्या मागं अगदी मांडीभर पाण्यात येती. चित्रा-स्वातीपर्यंत पाणी निवळतं, पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली असतात, आईबापांना राखण करून करून भूक लागलेली असती. हा माझा सगळ्यात आवडता काळ. अंधारातच लातूरहून निघायचं, गाडीवर थंडी वाजायला लागलेली असती, कळंबच्या बाजूच्या बॅकवॉटरला सूर्य उगवायच्या आत पोचायचं.

इथं बासवाल्यांचा फ्रॉग कामाला येतो आणि त्यांचे मी खरंच आभार मानतो. तो पोकळ रबराचा असतो, दोन गळ पाठीवर वर तोंड करून अंगाला चिकटलेले, त्यामुळं गवतातून, जलपर्णीवरून ओढत आणला तरी कुठं अडकत नाही, आणि माशानं तोंडात दाबला की रबर बसतं आणि गळ उघडे पडतात. कमळाच्या पानातल्या बाससाठी केलेली वस्तू, मरळीला हुबेहूब लागू. दोघांचा स्वभावच एक, पाठलाग करत लांब पळणारे मासे नाहीत हे, आडोशाला दबा धरून बसणारे. फ्रॉग जिथं मासा असेल असं वाटतं तिथं टाकायचा नाही, त्याच्या सात-आठ हात पुढं टाकायचा आणि आणत आणत तिथं आणायचा. गवतावर असेल तोवर सरळ ओढायचा, मोकळ्या पाण्याचा खड्डा आला की थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच, पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत. नव्वद टक्के वेळा मरळ थांबलेल्या फ्रॉगवर येती.

आणि ती आल्यावर आवाज होतो तो मी कसा लिहू, डबकन नाही, फट्ट नाही, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. त्या आवाजाला हात आपोआप झटका मारतो आणि मासा जातो. पहिल्या सीझनला माझ्या अशा किती गेल्या ते मोजलंच नाही. मामा शेजारी बसून बघत होते, त्यांनी जन्मात फ्रॉग बघितला नव्हता, तरी म्हणाले, "तिला गिळू तर दे. तोंडातला घास वडतोस व्हय?" मग मी मनात एक-दोन म्हणायला लागलो, दोरी ताणली गेली असं हाताला लागलं की मग पूर्ण ताकदीनं. बासवाले पण हेच सांगतात, थांब, वजन लागू दे, पण व्हिडिओत ऐकलेलं हातात उतरत नाही, शेजारी बसून कुणी रागावलं की उतरतं. एकदा लागली की ढील द्यायची नाही, मरळ खाली गवतात डोकं घालून बसली की विषय संपला, म्हणून काठी जाड, दोरी जाड, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, घट्ट. नाजूक काठीनं मरळ खेळवायची हौस करू नका.

त्या कोरड्या वर्षातले फोटो इथं कामाला येतात. कुठल्या बांधाचं टोक कुठं, पडकी विहीर कुठं, बाभळींची रांग कुठून कुठपर्यंत, मी वहीत उतरवून ठेवलंय, काठावरच्या खुणांवरून, म्हणजे समोरच्या गावच्या देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली की खाली भावकीचा बांध. तिकडं लोक बोटीवर सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र, लावून तळ बघतात. माझा तळ त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातवाऱ्यांतून आलाय. त्यांच्या चिंचेच्या बुंध्यापाशी मला आजवरची सगळ्यात मोठी मरळ लागली, सव्वातीन किलो, आणि मी ती घेऊन नाही आलो, सोडली, का ते पुढं येईलच.

हिवाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात आंबील आणि भज्जी खाऊन दुपारी धरणावर जायचं हे आमचं ठरलेलं, पण मासा लागतो म्हणून नाही. पाणी गार पडलं की मरळ सुस्तावती, फ्रॉग नाकासमोरून नेला तरी हलत नाही. ऊन चांगलं तापल्यावर बारा ते तीन, काठाच्या दगडांपाशी जिथं पाणी जरा गरम होतं तिथं मऊ रबराची अळी तळाला अगदी सावकाश, तासाला दोन फेकी. मी बहुतेक वेळा बदकं बघत बसतो.

उन्हाळा मात्र. सगळ्यांना वाटतं उन्हाळ्यात मासा लागत नाही, आणि रोहू-कटला वगैरेचं काही अंशी खरं पण आहे, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. बासचं तेच, तो उन्हाच्या वेळी खोलात जातो. पण मरळीला पाण्यातल्या ऑक्सिजनचं देणंघेणं कमी, तिला वर यायचंच आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी ओसरून मागं जातं, गाळपेराच्या जमिनीत टरबूज-काकडीचे वेल लागलेले असतात, सगळे मासे लहान जागेत गोळा होतात, आणि मरळ दर काही मिनिटांनी वर येऊन हवा घेऊन जाती. शांत पाण्यावर एक बुडबुड्याचं वर्तुळ उठतं, घोट घेतल्यासारखा बारीक आवाज होतो. मामा त्या आवाजावरून वजन सांगतात. मला अजून जमत नाही, पण तोंड कुठल्या दिशेला होतं ते कळायला लागलंय, शेपटीचा हेलकावा मागं राहतो. त्या दिशेनं पुढं पाच हात बारका फ्रॉग हळू उतरवायचा. बेचाळीस डिग्रीत, डोक्याला ओला टॉवेल, सकाळी सहा ते नऊ एवढंच, नंतर माणसाचा जीव जातो. पण मी सांगतो, पाणी बघायला शिकायचं असेल तर उन्हाळ्यात शिका.

फक्त धरण एक-चतुर्थांशाच्या खाली गेलं की मी उन्हाळ्यात पण काठी टाकत नाही. पेपरात रोज साठ्याचा आकडा येतो, तो माझ्या घरात सगळ्यात आधी मी वाचतो. कोंडलेल्या पाण्यात मासा धरणं सोपं असतं आणि तेवढ्यावरच पुढच्या वर्षीचं बी असतं, हे मी घमेल्यापाशी उभं राहून बघितलेलं आहे.

आता मृग ते आश्लेषा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, नवं पाणी काठच्या गवतात शिरलं की मरळीची जोडी गवत बाजूला सारून ताटाएवढी जागा मोकळी करती. अंडी तरंगतात, पिवळसर, साबुदाण्यापेक्षा बारीक. दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात आणि थोडी मोठी झाली की नारंगी-लाल दिसतात, शेकड्यानं, एका गोळ्यात. ती पण हवा घ्यायला सारखी वर येतात, म्हणून पाऊस नसताना पाण्याच्या एकाच जागी पाऊस पडल्यासारखं दिसतं, आणि तो पाऊस हळूहळू सरकत असतो. त्याच्या खाली हातभर खोलीवर आई नाहीतर बाप. जवळ काहीही आलं, बेडूक असो, साप असो, दुसरा मासा असो, अंगावर जातात. भूक म्हणून नाही, राखण म्हणून. त्या गोळ्यातून फ्रॉग ओढला की शंभर टक्के मार बसतो.

२०१८ च्या जुलैत मी तेच केलं. महिनाभर काही लागलं नव्हतं, लाल गोळा दिसला, फ्रॉग टाकला, लागली. दोन किलोची असेल. काढली, फोटो काढला, पिशवीत घातली आणि सहज मागं बघितलं. तो गोळा तिथंच गरगर फिरत होता, आधी दाट होता तो सैल व्हायला लागला, आणि कडेनं पाणी फुटायला लागलं, चिलापी आल्या होत्या. एक, मग चार, मग मोजता येईनात. दुसरा पालक धावत होता, इकडं गेला की तिकडून चिलापी शिरायच्या. मी काठी टाकून चपला घालून पाण्यात शिरलो, दगड मारले, काय उपयोग. दहा-पंधरा मिनिटांत पाणी सपाट झालं. लाल काही राहिलं नाही.

मामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "बाजारात आता मरळ बघ, अन् दिवाळीला बघ." एवढंच. घरी रस्सा झाला होता, येसर घालून, ज्वारीची भाकरी, आमच्याकडं मरळ म्हणजे काटे कमी म्हणून बाळंतिणीला, आजारी माणसाला देतात इतकी चांगली मासळी, पण मला ती गेली नाही. तेव्हापासून मृग निघाला की काठी वर, मघा संपल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेरीला, खाली. सव्वातीन किलोची सोडली ती पण त्याच हिशोबानं, तेवढी मोठी मरळ किती पिल्लं राखून मोठी करत असेल. हात ओले करायचे, गळ काढायचा, पाण्यात पोटाखालून धरायचं, ती आपण होऊन जाती. मरळ पाण्याबाहेर चिवट आहे म्हणून सिमेंटवर आपटू नका, अंगावरची बुळबुळ गेली की नंतर तिला रोग धरतो, सोडल्याचा उपयोग नाही. सरपंचाला द्यायला, सासऱ्याला द्यायला एखादी आणायची असेल तर हस्तानंतर किलो-सव्वा किलोची आणा, मी पण आणतो.

अमेरिकेत पण घरट्यावरच्या बासला धरावं का नको यावर लोक कडाकडा भांडतात. काही भागात अंड्यांच्या दिवसांत बंदी आहे, काही भागात धरून लगेच सोडतात. सोडला तरी नर परत येईपर्यंत बारके मासे अंडी खाऊन जातात. म्हणजे इतकं लांबचं पाणी, इतका वेगळा मासा, आणि गोष्ट तीच.

अजून एक. त्या तिघांपैकी एकानं विचारलं होतं की इथं बासच आणून सोडले तर, धरण मोठंय, मजा येईल. कृपा करून असलं मनात पण आणू नका. जपाननं १९२५ साली बास आणून एका तलावात सोडला, हळूहळू देशभर पसरला, तिथले मूळचे बारके मासे खाल्ले, आणि २००५ ला कायदा करून तो सोडायला, जिवंत वाहून न्यायला बंदी घालावी लागली. आपल्याकडं चिलापी १९५२ ला आणली, आज एक तळं दाखवा जिथं ती नाही. थाई मांगूर या परदेशी माशावर २००० साली बंदी आली तरी तो अजून चोरून पाळतात. माझ्या डोळ्यादेखत दहा-पंधरा मिनिटांत काय झालं ते वर लिहिलंय, त्यात आणखी एक मोठ्या तोंडाचा मासा घालायचा?

फ्रॉग मात्र घ्या, खुशाल घ्या. जिवंत बेडूक गळाला लावण्यापेक्षा रबराचा कितीतरी चांगला. बेडूक शेतात किडे खातो, आपल्या देशानं १९८७ ला बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, आणि आपण दोन रुपयांचा गळ लावून पोतंभर बेडूक संपवतो हे बरोबर नाही.

काल संध्याकाळी काठी न घेता धरणावर जाऊन आलो. मामा आता पंचाहत्तरीच्या घरात, गुडघे दुखतात, होडीवर जात नाहीत, पण काठावर येऊन बसतात. भिंतीच्या वरच्या अंगाला, बेशरमाच्या झाळीपाशी, त्यांनी आधी बोट केलं मग मला दिसलं. पाऊस नव्हता आणि एका जागी पाऊस पडत होता. हळूहळू काठाच्या बाजूनं सरकत आला, आमच्यापासून पंधरा हातांवर, इतका जवळ की लाल रंग स्पष्ट दिसत होता. खालची एकदा वर आली, हवा घेतली, गेली.

"दीड किलो," मामा म्हणाले. "बाप हाय."

अंधार पडेपर्यंत बसलो. मघा संपायला अजून दोन महिने आहेत, तोवर मेसेज करू नका.